सहा हजारांचे गहाण

माझे माहेर उज्जैनचे, असे सांगितले की आपल्याकडच्या बायका पटकन हात जोडतात. "म्हणजे महाकाळाच्या दारातच की हो तुम्ही!" अगदी दारात नाही, पण फार लांबही नाही. गोपाळ मंदिराच्या मागच्या अंगाला एका गल्लीत आमचा एक चौकाचा जुना वाडा आहे. लग्न होऊन मी सातपुड्याच्या या बाजूला रावेरकडे आले, इथल्या महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले, त्याला आता बरीच वर्षे झाली. तरी दिवाळीनंतर बुऱ्हाणपूर-इंदूरमार्गे उज्जैनची वाट धरली की मन गाडीच्या पुढे धावते.

उज्जैनला मराठी वाडे कसे, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. माळव्यात मराठ्यांचा अंमल बसल्यावर राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळाच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी मागे राहिलेली कारकून, भिक्षुक, शिलेदारांची घरे राहिलीच. गोपाळ मंदिर तर त्यानंतरचे, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले. आमचे पणजोबा अशाच एका कारकुनी घराण्यातले. शिंदेशाहीच्या पगारावर त्यांनी हा वाडा उभा केला.

पण मला आठवतो तेव्हापासून या वाड्याला पुढचे दार नव्हते. म्हणजे दार होते, चांगले पितळी कड्यांचे, पण त्याच्या आत धान्याची पोती रचलेली असत. पुढल्या दोन खोल्या आणि त्यांवरची माडी एका व्यापारी कुटुंबाच्या ताब्यात होती. त्यांचे धान्याचे दुकान होते. आम्ही येत-जात होतो बोळातल्या लहान दाराने. गुढी उभारायची ती मागच्या गच्चीवर. माझ्या लग्नात पाठवणीची वेळ आली तेव्हा बोळात मोटार शिरेना, म्हणून मी शालू सावरत कोपऱ्यापर्यंत चालत गेले. वडील शेजारून चालत होते. एवढेच म्हणाले, "पुढलं दार असतं तर..." आणि थांबले.

लहानपणी कधी विचारले तर ते सांगत, "पुढचं गहाण आहे. आपल्या आजोबांनी ठेवलं." पुढे माझे शिक्षण झाले, नोकरी लागली, आणि त्यांच्या उत्तरात एक वाक्य वाढले. "आता ते गेलंच म्हणायचं."

भाव वाढला आणि वाटेकरी आले

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकचे उद्घाटन झाले आणि उज्जैनचा नूर पालटला. यात्रेकरूंची गर्दी बारमाही झाली. ज्या गल्ल्यांत संध्याकाळी सायकलवाला दूधवाला तेवढा दिसे, तिथे लॉज आणि हॉटेलांच्या पाट्या लागल्या. त्यात २०२८ चा सिंहस्थ समोर. जुन्या घरांचे भाव लोक दबक्या आवाजात बोलू लागले.

२०२३ च्या उन्हाळ्यात त्या व्यापारी कुटुंबातले दोन तरुण नातू एका बांधकाम व्यावसायिकाला घेऊन आईकडे आले. बोलणे अदबीचे होते. अख्खा वाडा विकू, म्हणाले. पुढचा भाग रस्त्यावर, म्हणून खरी किंमत त्याचीच; तेव्हा आलेल्या पैशात निम्मा वाटा आमचा. विकायचा नसेल तर आजच्या भावाने आमचा निम्मा हिस्सा मोजून द्या, आम्ही चावी देऊन बाहेर पडतो.

आई पंचाहत्तरीच्या घरात. वडील २००९ मध्ये गेल्यापासून ती वाड्यात एकटी राहते, खाली एक शाळामास्तरांचे कुटुंब सोबतीला भाड्याने. तिने त्यांना सरबत दिले आणि रात्री आम्हा तिघा भावंडांना फोन केले.

थोरला भाऊ पुण्याला. तो व्यवहारी माणूस. "निम्मे पैसे कुठून आणणार? विकू आणि मोकळे होऊ. आईला इथे घेऊन येतो." धाकटा इंग्लंडात. तो तर घाबरलाच होता. "लवकर निकाल लावा. जितके थांबू तितका भाव वाढेल, आणि तितका त्यांचा वाटा वाढेल. इथे लोकांची घरं अशीच गेली आहेत."

आई एवढेच म्हणाली, "विका हो. पण आधी मला सांगा, तुळस कुठे ठेवायची?"

विलायतेतले वाटेकरी कर्ज

धाकट्याची भीती उगीच नव्हती. तो ज्या कर्जाबद्दल बोलत होता ते मी नीट समजून घेतले आणि चकित झाले. १९९६ ते १९९८ या काळात ब्रिटनमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड आणि बार्कलेज या बँकांनी एक वेगळेच गृहतारण कर्ज दिले. घराच्या किमतीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम घ्यायची आणि तिच्यावर व्याज द्यायचे नाही. हप्तासुद्धा नाही. बदल्यात घराच्या किमतीत पुढे जी वाढ होईल तिच्यातला पाऊण हिस्सा बँकेचा. हिशेब करायचा तो घर विकताना किंवा कर्जदाराच्या मृत्यूनंतर. घर आहे पण हातात पैसा नाही, अशा निवृत्त लोकांना हे सोयीचे वाटले. हजारोंनी ते घेतले.

पुढे तिथल्या घरांच्या किमती भराभर वाढल्या. एक साधा हिशेब मांडून बघा. घर एक लाख पौंडांचे, कर्ज पंचवीस हजारांचे. घर चार लाखांचे झाले तर वाढ तीन लाखांची. तिचा पाऊण हिस्सा सव्वादोन लाख, अधिक मुद्दल पंचवीस हजार. फेडायचे अडीच लाख! घरात राहून हे फेडायचे तर एवढी रक्कम दुसरीकडून उभी करायला हवी. मुलांनी मिळून भरायची किंवा नवे कर्ज काढायचे. थकलेल्या माणसाला नवे कर्ज देतो कोण? घर विकून लहान घरात जावे तर बँकेचा वाटा दिल्यावर लहान घरापुरतेही पैसे उरत नाहीत. अनेक म्हातारी माणसे आपल्याच घरात अडकून पडली. प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली.

धाकट्याने आमचा वाडा याच मापाने मोजला होता. थोरल्यानेही. खरे सांगायचे तर मीसुद्धा. वाढीचा निम्मा वाटा त्यांचा, हे आम्ही तिघांनी गृहीतच धरले होते. मूळ कागद मात्र आमच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता.

ट्रंकेतला कागद

इतिहासाच्या वर्गात मी नेहमी सांगते की ऐकीव गोष्ट हे साधन नव्हे, आधी मूळ कागद बघा. स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र मी चाळीस वर्षे ऐकीव गोष्टीवर चालले होते. मे महिन्याची सुट्टी होती. मी उज्जैनला गेले आणि माळ्यावरची आजोबांची ट्रंक उतरवली.

पंचांगे, श्राद्धाच्या याद्या, नळपट्टीच्या पावत्या, आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेला मुद्रांकाचा कागद. हिंदीतला रहननामा, साल १९७१. आजोबांची मोडीच्या वळणाची सही, दोन साक्षीदार, नोंदणी कार्यालयाचा शिक्का. मजकूर दोन पानांचा. मुलीच्या लग्नासाठी आणि दवाखान्याच्या खर्चासाठी सहा हजार रुपये घेतले. बदल्यात पुढल्या दोन खोल्या व माडी ताब्यात दिली. जागेचे भाडे सावकाराने व्याजाबद्दल घ्यावे, वेगळे व्याज मागू नये. मुदत पाच वर्षे. त्यानंतर मूळ रक्कम अदा केल्यावर कब्जा परत द्यावा.

वाढीचा वाटा, आजचा भाव, निम्मा हिस्सा यांबद्दल एक अक्षर नाही. सहा हजार आणि कब्जा परत, एवढेच.

मी तो कागद घेऊन वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांकडे गेले. उज्जैनच्या न्यायालयात चाळीस वर्षे वकिली केलेले गृहस्थ. आम्ही त्यांना वकीलकाकाच म्हणतो. त्यांनी चष्मा पुसून कागद तीनदा वाचला. मग म्हणाले, "तुमच्या आजोबांनी कर्ज रुपयांचं घेतलं होतं बेटा, भावाचं नाही. भाव वाढला तो घराचा. आणि घर कोणाचं?"

गहाण ते गहाणच

वकीलकाकांनी जे समजावले ते मी वर्गात बसल्यासारखे वहीत उतरवून घेतले. वाचकांना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे सहा प्रकार दिले आहेत. त्यातले आपल्या घरांत सापडतात ते मुख्यतः तीन. साध्या गहाणात ताबा मालकाकडेच राहतो, घर फक्त तारण असते. ताबेगहाणात ताबा सावकाराकडे जातो आणि तो भाडे किंवा पीक घेतो, व्याजापोटी, मुद्दलापोटी किंवा दोन्हींपोटी. तिसरा प्रकार सशर्त विक्रीचा. आपल्याकडे खेड्यात ज्याला मुदत खरेदी म्हणतात तो. त्यात वरून विक्री दिसते, पण पैसे परत केले की मिळकत परत, अशी अट असते. १९२९ च्या दुरुस्तीनंतर ही अट त्याच कागदात लिहिलेली असली पाहिजे. वेगळ्या चिठ्ठीवर लिहिली असेल तर तो व्यवहार गहाण ठरत नाही.

आमचा कागद ताबेगहाणाचा. आणि गहाणाचा आत्मा असा की ते सोडवता आले पाहिजे. न्यायालये हे तत्त्व फार जपतात: एकदा गहाण ते कायम गहाण. सावकाराने कागदात काहीही अडसर घातला, तरी सोडवण्याचा हक्क मारणारी अट टिकत नाही. कच्छमधल्या काही घरांची गहाणे नव्व्याण्णव वर्षांच्या मुदतीची होती. तोवर सोडवायचेच नाही, असा त्याचा अर्थ. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत हा सोडवण्याच्या हक्कावरचा अन्याय्य अडसर ठरवला.

"पण काका," मी म्हटले, "बाबा म्हणायचे की आता ते गेलं."

वकीलकाका थोडे गप्प झाले. मग म्हणाले, "त्यांना तसं सांगितलं होतं. आणि सांगणाराचं अगदी चुकलं होतं असंही नाही."

तीस वर्षांचा घोळ

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे गहाण सोडवण्याचा दावा, सोडवण्याचा हक्क उत्पन्न झाल्यापासून तीस वर्षांत करावा लागतो. आधीच्या १९०८ च्या कायद्यात ही मुदत साठ वर्षांची होती. आमच्या कागदाची पाच वर्षे १९७६ मध्ये संपली. त्यात तीस मिळवा. २००६. वडील निवृत्त झाल्यावर २००७ मध्ये हातात थोडे पैसे आले, तेव्हा ते एका वकिलांकडे गेले होते. बोटांवर हिशेब करून त्यांनी सांगितले, एक वर्ष उशीर झाला. वडील घरी आले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले. बोळातूनच.

ताबेगहाणाला ही तीस वर्षांची मोजणी अशी सरळ लागते का, यावर न्यायालयांत मतभेद होते. सिंगराम विरुद्ध शिवराम या हरयाणातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये त्याचा निकाल लावला. ताबेगहाणात मालकाचा ताबा परत घेण्याचा हक्क कायद्याच्या ६२ व्या कलमातून येतो. कलम सांगते की भाड्याउत्पन्नातून पैसे फिटले, किंवा राहिलेली रक्कम मालकाने सावकाराला दिली अथवा न्यायालयात भरली, की ताबा परत. तेव्हा मुदतीचे घड्याळ गहाणाच्या तारखेपासून सुरू होत नाही. ते सुरू होते असे पैसे फिटल्यापासून किंवा भरल्यापासून. नुसती तीस वर्षे उलटली म्हणून सावकार मालक होत नाही.

मी वही मिटली. वडिलांना आणखी पाच वर्षे मिळाली असती तर हे त्यांना ऐकता आले असते. हा हिशेब मी अजून करते. करू नये, पण करते.

इथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. हा निकाल ताबेगहाणाचा आहे. साध्या गहाणाला किंवा मुदत खरेदीला तो लावून निश्चिंत बसू नये. तिथे तीस वर्षांची मोजणी खरोखर चालते. म्हणून आधी कागद कोणत्या प्रकारचा, ते पाहायचे.

काय द्यायचे, काय नाही

उपपंजीयकांच्या कार्यालयातून आम्ही रहननाम्याची प्रमाणित नक्कल काढली. वकीलकाकांनी नोटीस दिली: सहा हजार घ्या, ताबा द्या. उत्तर आले की इतक्या वर्षांच्या ताब्याने जागा आमचीच झाली आहे, शिवाय आम्ही तिच्यावर चार लाख खर्च केले आहेत.

वकीलकाका हसले. गहाणदार म्हणून मिळालेला ताबा हा मालकाच्या संमतीचा ताबा. तो कितीही लांबला तरी तेवढ्याने मालकी होत नाही. खर्चाचे मात्र त्यांनी हसण्यावारी नेले नाही. जागा पडझडीपासून वाचवायला जो खर्च करावाच लागला तो मागण्याचा हक्क सावकाराला कायदा देतो. दुकान सजवायला केलेला खर्च मालकाच्या माथी मारता येत नाही. एका पावसाळ्यात पुढल्या माडीची तुळई खचली होती. ती त्यांनी बदलून घेतली, त्याच्या पावत्या होत्या, एकेचाळीस हजारांच्या. तेवढे आपण द्यायचे, असे आम्ही ठरवले. फरश्या, शटर आणि पाटी यांचे नाही.

सावकार पैसे घेतच नसेल तर काय करायचे, याचीही सोय १८८२ च्या कायद्याने करून ठेवली आहे. कलम ८३. मालकाने देणे रक्कम न्यायालयात सावकाराच्या नावे जमा करायची. न्यायालय त्याला नोटीस पाठवते. या एका कलमाने किती घरे वाचली असतील! पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाला, "घेत नाही जा" म्हणून ताटकळत ठेवण्याचा सावकाराचा जुना डाव त्याने मोडून काढला.

आत्याचे पाकीट

पैसे भरण्याआधी घरातल्यांची बैठक झाली. आजोबांच्या मिळकतीत आमच्याइतकाच आत्याचाही हक्क, म्हणून तिला देवासहून बोलावले होते. धाकटा फोनवर. थोरला पुण्याहून आला होता. त्याचा अजून विक्रीकडेच कल होता. "आईच्या औषधपाण्याला पैसा लागतो. निदान बँकेच्या रिव्हर्स मॉर्टगेजचं तरी बघू."

त्याचीही चौकशी केली होती. राष्ट्रीय आवास बँकेने २००७ मध्ये या योजनेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. साठी ओलांडलेल्यांना घरात राहून त्यावर बँकेकडून नियमित रक्कम घेता येते. पती-पत्नी दोघे गेल्यावर हिशेब होतो, आणि घर विकण्याआधी व्याजासह कर्ज फेडून घर सोडवण्याची पहिली संधी वारसांना द्यावी लागते. कर्ज घराच्या किमतीपेक्षा वाढले तरी जास्तीची वसुली वारसांकडून होत नाही. विलायतेतल्या त्या कर्जापेक्षा हे कितीतरी सुसह्य, कारण वाढीत बँकेचा वाटा नाही. फक्त व्याजावर व्याज चढत जाते, हे ध्यानात ठेवायचे. पण त्याला घर स्वकष्टार्जित आणि स्वतः राहते लागते. वडिलोपार्जित, चार वारसांचा वाडा त्यात बसत नाही.

आत्या हे सारे ऐकत होती. तिला पंचाहत्तरावे लागले आहे. तिने पिशवीतून एक पाकीट काढून आईपुढे ठेवले. आत पाचशेच्या बारा नोटा.

"माझ्या लग्नाला काढलेलं कर्ज आहे हे," ती म्हणाली. "दादा आयुष्यभर बोळातून गेला-आला, पण मला कधी बोलला नाही. हे मी भरणार."

थोरला काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने उठून खुर्ची बाजूला सारली आणि वकीलकाकांना फोन लावला.

चावी

पैसे न्यायालयात भरले. पलीकडे नोटीस पोहोचली आणि आठवड्याभरात त्या कुटुंबातले थोरले गृहस्थ स्वतः काठी टेकत आईकडे आले. ऐंशीच्या पुढचे. १९७१ मध्ये त्यांच्या वडिलांनी पैसे मोजून दिले तेव्हा ते तिथे हजर होते. ओसरीवर बसून म्हणाले, "भाभीजी, पिताजी कह गए थे, रकम आए तो चाबी दे देना. लड़कों ने काग़ज़ देखा ही नहीं."

त्यांच्या मुलांनी कागद पाहिला नव्हता, आमच्या घरातही कोणी पाहिला नव्हता. भांडणाची निम्मी मुळे तिथेच होती.

मग तडजोड झाली. सहा हजार, आणि तुळईचे एकेचाळीस हजार. पुढच्या दाराची खोली आणि माडी रिकामी करून आमच्याकडे. दुसऱ्या खोलीत त्यांचे दुकान राहणार, पण आता गहाणदार म्हणून नाही; रीतसर करार करून, आजच्या दराने भाडे देऊन. चार पिढ्या शेजार करणाऱ्यांना रस्त्यावर काढावे असे आमच्यातही कोणाला वाटत नव्हते. त्या भाड्यात आईचे औषधपाणी निघते. थोरल्याची मुख्य काळजी मिटली.

गहाण सुटल्याचा लेख नोंदवायला मात्र सहा महिने गेले. मूळ सावकाराचे सगळे वारस सहीला लागतात. ते पाच जण, त्यातली एक मुलगी इंदूरला, एक मुलगा बाहेरगावी. पण वकीलकाकांनी तोंडी समझोत्यावर बोळवण होऊ दिली नाही. "गहाण नोंदवलेलं आहे ना? मग सुटलं तेही नोंदवलेलंच पाहिजे. नाहीतर तुमची नातवंडं पुन्हा माझ्या नातवाकडे येतील."

आपल्या भागातल्या वाचकांसाठी

हा घरचा विषय मी साप्ताहिकात का लिहिते आहे? रावेर-यावल भागात असे कागद घरोघरी आहेत म्हणून. कुणाची ओसरी, कुणाचे खळे, कुणाचे बांधालगतचे शेत "आजोबांनी लिहून दिलेले" असते, आणि पुढची पिढी एक तर "गेलंच" म्हणून सोडून देते, किंवा समोरचा मागेल तो वाटा देऊन मोकळी होते. दोन्ही करण्याआधी एकदा कागद शोधा. घरी नसेल तर नोंदणी कार्यालयात नक्कल मिळते. त्यात पाच गोष्टी पाहा: प्रकार कोणता, ताबा कोणाकडे, व्याजाचे काय ठरले, मुदत किती आणि किती रकमेवर मिळकत परत. मग जाणत्या वकिलाला दाखवा.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे. सावकारीच्या व्यवहारातून मिळकत बळकावली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. गेल्या पंधरा वर्षांतल्या व्यवहारांची चौकशी करून मिळकत परत करण्याचा आदेश ते देऊ शकतात. त्यापलीकडच्या जुन्या कागदांना दिवाणी न्यायालयाचाच रस्ता.

आणि नवा कागद करताना विलायतेतल्या त्या म्हाताऱ्यांची आठवण ठेवा. कर्ज रुपयांचे घ्यावे, वाढीचे घेऊ नये. व्याज टोचते, पण ते मोजता येते. उद्याच्या भावातला वाटा लिहून देताना आपण काय देतो आहोत हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. तो उठाव मी दरवर्षी शिकवते. कागद हा सावकाराचा, तो जळला की आपण सुटलो, अशी त्या लोकांची भावना होती, आणि तिला कारणही होते; त्यांना तो वाचताच येत नव्हता. यंदा शिकवताना मी विद्यार्थ्यांना आमच्या ट्रंकेतल्या मेणकापडाची गोष्ट सांगितली. कागद तोच, पण वाचता आला म्हणून तो आमच्या बाजूने बोलला.

२०२५ च्या पाडव्याला मी उज्जैनला होते. पोत्यांच्या घासण्याने पितळी कडी काळी पडली होती, ती आईने चिंचेने घासून लख्ख केली. पुढल्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागले, उंबऱ्यावर रांगोळी आली. आत्या देवासहून आली ती सवयीने बोळात शिरू लागली. आईने तिला हाक मारून थांबवले.

"वन्सं, इकडून. पुढल्या दाराने या."